मदतीस धावणाऱ्यांच्या औषधपाण्याची तरतूद
अहेरी तालुक्यातील गावांनी हंगामापूर्वी करावयाची कामे

अहेरी तालुक्यातील शेतकऱ्यास दरवर्षी दोन आपत्तींशी गाठ घ्यावी लागते. उन्हाळ्यात वणवा आणि पावसाळ्यात पूर. वर्धा व वैनगंगा या नद्या चपराळ्याच्या परिसरात एकत्र येऊन प्राणहिता बनते. ती अहेरीजवळून दक्षिणेकडे जाते आणि सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. पूर्वेकडे भामरागड येथे पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती यांचा संगम आहे. मोठ्या पावसात गोदावरी फुगली म्हणजे प्राणहितेचे पाणी पुढे सरकत नाही आणि लहानमोठे नाले उलटे भरू लागतात. 1986 साली व पुन्हा जुलै 2022 मध्ये गोदावरीच्या महापुराने सिरोंचा भागातील गावांना हा अनुभव दिला. भामरागडचा रस्ता तर बहुतेक पावसाळ्यात पर्लकोटेच्या पाण्याखाली जातोच.

अशा वेळी मदतीस प्रथम कोण पोहोचतो? राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची पथके धुळे व नागपूर येथे असतात. राष्ट्रीय दलाचे ठाणे पुण्याजवळ आहे. नागपूरहून निघालेले पथक अहेरीस येईपर्यंत कित्येक तास लागतात आणि वाटेतील नाले भरलेले असल्यास अधिकच. तोवर डोंगा घालणारा, दोर धरणारा, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन उंचावर नेणारा माणूस शेजारच्या घरचाच असतो. वणव्याचेही तसेच. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या आगीच्या हंगामात वनरक्षकाबरोबर हिरव्या फांद्या घेऊन जाळ झोडपणारे हात गावकऱ्यांचेच असतात. कापणीनंतर एखाद्याच्या धानाच्या पुंजण्यास आग लागली, तरी घागरी घेऊन धावतो तो शेजारीच.

हे हात दुखावले तर त्यांच्या औषधपाण्याचे काय, हा प्रश्न सहसा अपघात घडून गेल्यावरच विचारला जातो. तो आधी विचारला पाहिजे.

कर्तव्य कायद्याने, भरपाई मात्र निरनिराळ्या योजनांतून

वणवा विझविण्यास जाणे हा केवळ गावकऱ्याचा चांगुलपणा नाही. 1927 च्या भारतीय वन अधिनियमाचे 79 वे कलम असे सांगते की, राखीव वा संरक्षित वनात हक्क बजावणाऱ्या, तेथून वनोपज नेण्याची किंवा गुरे चारण्याची परवानगी असलेल्या प्रत्येकाने त्या वनातील आग माहीत होताच विझविण्याची खटपट केली पाहिजे, मग अधिकाऱ्याने तसे सांगितलेले असो वा नसो. मोह वेचणाऱ्या व तेंदूपाने तोडणाऱ्या अहेरीच्या जवळजवळ प्रत्येक कुटुंबास हे कर्तव्य लागू पडते. मात्र ते पार पाडताना हात भाजला तर उपचाराचा खर्च कोणी सोसावा, याविषयी त्या कलमात शब्दही नाही.

नागरी स्वयंसेवकाच्या दुखापतीचा विचार देशात पूर्वी झालाच नव्हता असे नाही. 1962 साली चिनी आक्रमणाच्या वेळी आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा व्यक्तिगत इजांविषयीचा एक अधिनियम संसदेने केला आणि त्यात नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकास कर्तव्यावर होणाऱ्या इजेची दखल घेण्यात आली. परंतु तो विचार युद्धकाळापुरता होता. पुरात उतरणाऱ्या शेतकऱ्यासाठी आज जी तरतूद आहे, ती एका ठिकाणी नसून चार-पाच योजनांत विखुरलेली आहे. त्यांची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

उपचाराचा खर्च

पहिला आधार सरकारी रुग्णालयाचा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत व रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले. यास्तव प्राथमिक आरोग्य केंद्र, अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय व गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय येथे जखमीने खर्चाच्या धास्तीने जाण्याचे टाळू नये. रुग्णवाहिकेसाठी 108 हा क्रमांक 2014 पासून राज्यभर चालू आहे.

दुसरा आधार महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. ही योजना 2 जुलै 2012 रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत गडचिरोली जिल्हा होता. 2017 मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले आणि 2020 पासून ती आयुष्मान भारत योजनेशी जोडून राबविली जाऊ लागली. 28 जुलै 2023 च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा दर कुटुंबास दर वर्षी रुपये 5 लक्ष करण्यात आली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अटही काढून टाकण्यात आली. भाजणे, अनेक अवयवांना एकाच वेळी होणारी गंभीर इजा, अस्थिभंगावरील शस्त्रक्रिया असे उपचार तिच्या यादीत आहेत. उपचार योजनेशी संलग्न असलेल्या रुग्णालयातच घ्यावे लागतात. तेथे आरोग्यमित्र नावाचा कार्यकर्ता कागदपत्रांस मदत करतो. चौकशीचा क्रमांक 155388 असा आहे. रुग्णाची स्थिती तातडीची असेल तर कागदपत्रे मागाहूनही देता येतात.

मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास

पूर, आग, वादळ, भूकंप इत्यादी नैसर्गिक आपत्तींत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून साहाय्य दिले जाते. केंद्र शासनाने 2022-23 ते 2025-26 या काळासाठी ठरविलेल्या निकषांत मृताच्या वारसास रुपये 4 लक्ष देण्याची तरतूद होती. त्या कलमात मदतकार्यात गुंतलेल्या व आपत्तीच्या पूर्वतयारीत भाग घेणाऱ्या व्यक्तींचाही स्पष्ट समावेश होता. म्हणजे पुरात अडकलेल्याइतकाच त्यास सोडविण्यास गेलेलाही या साहाय्यास पात्र ठरतो. मात्र मृत्यूच्या कारणाबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो.

त्याच निकषांत अवयव वा डोळा गमावल्यास, 40 ते 60 टक्के अपंगत्वासाठी रुपये 74,000 व 60 टक्क्यांहून अधिक अपंगत्वासाठी रुपये 2.50 लक्ष ठरविलेले होते. त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाण व कारण यांविषयी सरकारी डॉक्टरांचा दाखला आवश्यक असे. गंभीर दुखापतीने आठवड्याहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागल्यास रुपये 16,000 व त्याहून कमी काळ राहावे लागल्यास रुपये 5,400 देय होते. परंतु ज्याचा उपचार आयुष्मान भारत योजनेतून झाला, त्यास ही शेवटची रक्कम मिळत नसे. पुढील काळाचे दर तहसील कार्यालयात विचारून घ्यावेत.

शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र अशी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी ती विमा कंपनीमार्फत चाले. एप्रिल 2023 मध्ये शासनाने ती अनुदानाच्या रूपात स्वतःकडे घेतली. 10 ते 75 वर्षे वयाचा सातबाराधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील खातेदार नसलेली कोणतीही एक व्यक्ती हिचा लाभ घेऊ शकते. पाण्यात बुडणे, वीज पडणे, विजेचा धक्का, सर्पदंश, उंचावरून पडणे इत्यादी अपघात तीत येतात. मृत्यू झाल्यास, दोन डोळे वा दोन अवयव किंवा एक डोळा व एक अवयव गमावल्यास रुपये 2 लक्ष, आणि एक डोळा वा एक अवयव गमावल्यास रुपये 1 लक्ष मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांच्या आत पोहोचला पाहिजे. अपघातसमयी मद्याच्या वा इतर नशेच्या अमलाखाली असलेल्यास लाभ मिळत नाही, हे मदतीस जाणाऱ्या तरुणांनी विशेष ध्यानात ठेवावे.

चौथी योजना प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना होय. 18 ते 70 वर्षे वयाच्या बँक खातेदारास वर्षाकाठी रुपये 20 इतक्या हप्त्यात (हा दर 1 जून 2022 पासूनचा) अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वासाठी रुपये 2 लक्ष व अंशतः कायम अपंगत्वासाठी रुपये 1 लक्ष यांचे संरक्षण मिळते. या विम्याचे वर्ष 1 जून ते 31 मे असे आहे, म्हणजे ते नेमके मृगाच्या तोंडावर सुरू होते.

शेवटची तरतूद आपदा मित्रांची. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2016 साली देशातील 30 पूरप्रवण जिल्ह्यांत 6,000 स्वयंसेवकांना शिक्षण देऊन ही योजना प्रथम आजमावली आणि 2021 पासून 350 जिल्ह्यांत 1 लक्ष स्वयंसेवक तयार करण्याचे ठरविले. निवडलेल्या स्वयंसेवकास बारा दिवसांचे प्रशिक्षण, बचावसाहित्याचा संच आणि तीन वर्षांपुरता सामूहिक विमा अशी तिची रचना होती. स्वयंसेवकास स्वयंसेवक म्हणूनच विमा देणारी ही योजना असल्याने तिचे महत्त्व मोठे आहे. परंतु तिचा लाभ नोंद झालेल्यांनाच मिळतो आणि विम्यास मुदत असते. ज्यांनी पूर्वी प्रशिक्षण घेतले आहे, त्यांनी आपला विमा चालू आहे किंवा कसे, हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडे विचारावे.

एका उदाहरणाने पडताळा

या सर्व योजना एकत्र ठेवून पाहिल्या तर काय दिसते? समजा, जुलै महिन्यात अहेरीजवळच्या एका गावात नाल्याचे पाणी शिरले. अडीच एकर धानशेती असलेला एक शेतकरी शेजाऱ्यास बाहेर काढताना वाहत आलेल्या ओंडक्याखाली सापडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. अहेरीस प्रथमोपचार झाले. शस्त्रक्रियेसाठी त्यास शंभर कि. मी. हून अधिक दूर चंद्रपूर किंवा त्याहीपलीकडे नागपूर येथे न्यावे लागले. शस्त्रक्रिया आरोग्य योजनेतून विनामूल्य झाली. ही मोठीच सोय होय.

परंतु पुढे काय? उपचार आयुष्मान योजनेतून झाल्यामुळे रुग्णालयवासाचे रुपये 16,000 त्यास लागू झाले नाहीत. हाड पुढे जुळून येणार असल्याने कायमचे अपंगत्व नाही, सबब शेतकरी अपघात योजनेतूनही काही नाही व वीस रुपयांच्या विम्यातूनही काही नाही. तो आपदा मित्र म्हणून नोंदलेला नव्हता. इकडे पऱ्हे रोवणीस आले आहेत आणि कर्ता माणूस तीन महिने खाटेवर आहे. सोबतीस गेलेल्या पत्नीचीही मजुरी बुडाली आहे. पऱ्हे वाढून गेले की रोवणीचा हंगाम हातचा जातो आणि त्याबरोबर वर्षाचे धान जाते.

थोडक्यात, मृत्यूसाठी तरतूद आहे, कायमच्या अपंगत्वासाठी आहे, शस्त्रक्रियेसाठीही आहे. बऱ्या होणाऱ्या दुखापतीत जे दिवस बुडतात, त्यांची भरपाई मात्र यांपैकी कोणतीच योजना करीत नाही. आणि मदतीस जाणाऱ्यांच्या दुखापती बहुधा याच प्रकारच्या असतात.

नोंदीचे महत्त्व

मे 2024 मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्या दोन तरुणांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची नाव उलटली व दलाचे 3 जवान मृत्युमुखी पडले. पथकास मदत करण्यासाठी त्याच नावेत बसलेला एक स्थानिक रहिवासीही प्रवाहात सापडला. एकाच नावेत, एकाच कामासाठी दोन प्रकारची माणसे होती. जवानाची नोंद त्याच्या दलात असते आणि त्याच्या पाठीमागे सेवानियम असतात. गावकऱ्याची नोंद कोठेही नसते.

इतर देशांचा अनुभवही हेच सांगतो. न्यूयॉर्क येथे 11 सप्टेंबर 2001 रोजी जुळे मनोरे कोसळल्यानंतर हजारो लोक ढिगाऱ्यावर राबले व त्यांत स्वेच्छेने आलेले पुष्कळ होते. तेथील धुळीने जडलेले श्वसनाचे विकार अनेकांत वर्षांनंतर प्रकट झाले. त्यांच्या उपचारासाठी अमेरिकेत जानेवारी 2011 मध्ये झाड्रोगा यांच्या नावाचा कायदा झाला व त्यात स्वयंसेवकांनाही स्थान मिळाले. पण आपण त्या ठिकाणी खरोखर काम केले, याचा पुरावा त्यांना द्यावा लागला. जपानमध्ये 1995 च्या कोबे भूकंपात दहा लाखांहून अधिक लोक मदतीस गेले. तेथे आता स्वयंसेवक कामावर जाण्यापूर्वी स्थानिक समाजकल्याण परिषदेत नाव देऊन अल्प हप्त्याचा विमा उतरवितो. जर्मनीत तर संकटात सापडलेल्यास मदत करताना जखमी होणारा कोणीही सार्वजनिक अपघात विम्याखाली आपोआप येतो.

अहेरीच्या पुरातही असे उशिरा प्रकट होणारे आजार आहेत. पुराच्या साचलेल्या पाण्यात वावरल्याने होणारा लेप्टोस्पायरोसिस हा ताप साधारणतः पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोवर पूर ओसरलेला असतो आणि तापाचा व पुराचा संबंध कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून मदतकार्यानंतर पंधरवड्यात ताप आल्यास पुराच्या पाण्यात उतरल्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. पायास जखम झाली असल्यास धनुर्वाताची सुई त्वरित घ्यावी.

गावाने करावयाची कामे

वरील उणीव शासनाच्या पातळीवर भरून निघेल तेव्हा निघो. तोपर्यंत ग्रामसभेस पुढील गोष्टी स्वतःच्या बळावर करता येतील.

1. मे महिन्याच्या ग्रामसभेत मदत पथकाची यादी करावी. पोहणारे, डोंगा चालविणारे, वणवा विझविण्यास जाणारे अशी स्त्री-पुरुषांची नावे, वय व बँक खात्याचा तपशील लिहावा. ठरावाची एक प्रत तहसीलदारांस व एक वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांस देऊन पोच घ्यावी. हा कागदच पुढे, मनुष्य मदतकार्यात होता, याचा पहिला पुरावा होतो.

2. यादीतील प्रत्येकाचा वीस रुपयांचा अपघात विमा 31 मेपूर्वी चालू आहे, याची खात्री करावी. पंचवीस जणांच्या पथकास वर्षाचा खर्च रुपये 500 येतो. प्रत्येकाचे आयुष्मान कार्डही पावसाळ्यापूर्वी तयार असावे.

3. घटनेच्या दिवशीच नोंद करावी. कोण, कोणत्या वेळी, कोणाच्या सांगण्यावरून, कोठे गेला व कसा जखमी झाला, हे पोलीस पाटलांनी वहीत लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. तलाठ्याकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, पंचनामा लवकर करून घ्यावा.

4. रुग्णालयाच्या कागदावर इजेचे खरे कारण लिहवून घ्यावे. ‘पडल्याने इजा’ एवढेच न लिहिता ‘पुरात बचावकार्य करताना इजा’ असे लिहिले गेले पाहिजे. या चार शब्दांच्या अभावी पुढे दावा अडू शकतो.

5. तेंदूपाने व बांबू यांच्या व्यवहारातून उत्पन्न मिळविणाऱ्या ग्रामसभांनी त्यातील अल्प हिस्सा जखमी मदतकर्त्यांसाठी राखून ठेवावा. नातेवाइकाचा प्रवास, रुग्णालयाबाहेरचे जेवण व बुडालेली मजुरी यांसाठी हा पैसा लागतो. रक्कम किती व कोणाच्या संमतीने द्यावयाची, हे आधीच ठरावात नमूद करावे, म्हणजे ऐन वेळी वाद होत नाही.

6. जखमी झालेल्याचे शेत पडीक राहणार नाही, असा ठराव त्याच सभेत करावा. सावडीने वा इर्जिकीने काम करण्याची पद्धत शेतकऱ्यांस नवी नाही. वीस माणसे जमली तर अडीच एकरांची रोवणी एक-दोन दिवसांत उरकते. जे दिवस कोणत्याही योजनेतून भरून मिळत नाहीत, ते गावाने श्रमाच्या रूपाने भरून द्यावेत.

मदतीस जाणाऱ्याने पाळावयाची पथ्ये

एकट्याने पाण्यात उतरू नये. कमरेस दोर बांधून त्याचे दुसरे टोक काठावरील माणसांच्या हाती द्यावे. रिकामे, बूच घट्ट लावलेले प्लास्टिकचे डबे तरंगण्यास उपयोगी पडतात. वणव्याकडे जाताना सुती कपडे व पायात जोडा असावा. नायलॉनचे कपडे अंगास चिकटून भाजण्याची इजा वाढवितात. वाऱ्याच्या समोर उभे राहून आग झोडपू नये आणि मागे हटण्याची वाट आधी पाहून ठेवावी. भाजलेल्या भागावर वीस मिनिटे स्वच्छ गार पाणी ओतावे. शेण, तेल वा पाला लावू नये. सर्पदंश झाल्यास तो अवयव न हलविता रुग्णास थेट आरोग्य केंद्रात न्यावे. मांत्रिकाकडे वेळ दवडू नये.

आपत्तीत शेजाऱ्यासाठी धावून जाण्यास अहेरीच्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. धावून गेलेल्याच्या नावाची नोंद ठेवणे, त्याचे कागद पुरे करणे आणि तो खाटेवर असेतो त्याची बांदी रोवून देणे, एवढे मात्र गावाने आवर्जून शिकले पाहिजे. यंदाच्या मे महिन्यातील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घालण्याची सूचना ग्रामपंचायतीस आजच लेखी द्यावी.